पुठ्ठ्यावरच्या दोन खळ्या

तस्नीमने लोखंडी स्टुलावर
खोक्याचा एक पुठ्ठा ठेवला
आणि म्हणाली, बसा.
थोडं पुढे वाका. टाचा उचला. आता उठा.

बाहेर काळबादेवीत हातगाडीवाले
एकमेकांच्या नावानं शंख करत होते.
आत पुठ्ठ्यावर
दोन खळ्या पडल्या होत्या.

तिनं पट्टी लावली. एकशे बत्तीस मिलिमीटर.
हे तुमच्या हाडांतलं अंतर.
सीट यावरून घ्यायची, वजनावरून नाही.

एकोणपन्नास वर्षांत
छाती, कंबर, बाही, गळा, घेर
सगळं मोजून झालं होतं माझं,
सोनोग्राफीत तर आतलंसुद्धा.
ही दोन हाडं मात्र
कुठल्याच शिंप्याच्या वहीत नव्हती,
आणि मुलुंडच्या पतपेढीत
बावीस वर्षं मी बसले ती यांच्यावरच.

आधीची चूक सांगते.
पहिली सीट मीच निवडली होती.
रुंद, जेलची, उशीसारखी.
अंगठ्यानं दाबून पाहिली, लादीपाव बघतात तशी.
टोलनाक्यापर्यंत राणीसारखी गेले.
ऐरोलीच्या पुलावर मांड्या आतून सोलायला लागल्या.
खाडीत फ्लेमिंगो उभे होते, गुलाबी चिखल झाल्यासारखे,
मी एकही धड पाहिला नाही.

अंगात सुती कुर्ता.
सुती तेच अंगाला बरं, आई म्हणायची,
आणि बरोबरच म्हणायची, पंख्याखाली.
रबाळ्यापर्यंत तो घाम पिऊन पिऊन
ओल्या गोणपाटासारखा पाठीवर बसला,
परत येताना त्यालाही मीच वाहून आणलं.
ओढणी घरी ठेवली होती.
एवढी अक्कल होती मला.

तस्नीम हसली नाही.
पाठीला खिसे असलेला टी-शर्ट काढला,
झटकला की सुकणारा, पोपटी.
म्हणाली, तुम्हाला नाही आवडला तरी चालेल,
ट्रकवाल्याला दिसला पाहिजे.
मग पॅडची चड्डी.
आणि आवाज खाली आणून,
याच्या आत काही घालायचं नाही.
काही म्हणजे?
काही म्हणजे काहीच. शिवण घासते.
तिचे वडील ताहेरभाई तेवढ्यात
छताला टांगलेल्या ट्यूबा मोजायला लागले.

टायरांच्या कोठीत घालून बघितली.
आरसा म्हणून हँडलला लावायचा आरसा,
वाटीएवढा.
त्यात एक गुडघा दिसला, मग दुसरा.
बाकीची मी त्यात मावले नाही.
चालताना पाळण्यातल्या बाळासारखं वाटलं,
लंगोट बांधलेल्या.

बिल बघून म्हटलं, हातमोजे राहू देत.
हेल्मेट पण नको होतं, अंबाडा आड येतो.
अंबाडा खाली बांधा, मानेवर, ती म्हणाली,
आणि हेल्मेट परत पिशवीत टाकलं.
पुठ्ठा मी मागून घेतला.
कपाटात आहे, विम्याच्या कागदांखाली.

श्रीरंग म्हणाला, यावर सलवार घालशील ना?
बघू, म्हटलं.

रविवारी पहाटे साडेचारला
सलवार घालून जिना उतरले.
गेटपर्यंत.
आता ती घडी करून पाठीच्या खिशात आहे,
दोन केळी आणि चिक्कीच्या शेजारी.

नवी सीट अरुंद, पाटीसारखी कडक.
दाबून बघावी तर अंगठाच दुखेल.
मिठागरं गेली, नाका गेला,
पूल अर्धा झाला तेव्हा लक्षात आलं
की तिची आठवण झालीच नाही इतका वेळ.
कठड्याला पाय टेकून थांबले.
चाळीसपर्यंत फ्लेमिंगो मोजले,
मग ते हलले आणि हिशेब चुकला.

घणसोलीच्या पुढे
करंगळीला मुंग्या यायला लागल्या,
मग तिच्या शेजारच्या बोटाला.

हातमोजे घ्यायला हवे होते.